गोड फार खायची का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाही, माझी लेक गोड फार खात नव्हती. तिच्या वयाची पोरं खातात तेवढंच खायची. वाढदिवसाचा केक, दिवाळीचा लाडू, आजोबांनी गुपचूप हातावर ठेवलेली चिक्की. तुमची नातवंडंही तेच खातात आणि ठणठणीत आहेत. देव करो, तशीच राहोत.

तिला आहे तो टाइप १ डायबिटीस. आजोबांचा टाइप २, तो वेगळा. टाइप १ मध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. साखर खाल्ल्याने हा होत नाही आणि साखर सोडल्याने जात नाही. हळदीकुंकवाला, रिक्षात, शाळेच्या फाटकाशी हेच सांगून मी थकले. समोरची मान हलवते आणि म्हणते, "तरी पण, पोटात असताना तुमच्या खाण्यात काही...?"

खरं सांगायचं तर हा प्रश्न सगळ्यात आधी मीच मला विचारला. सारखी तहान, रात्री अंथरूण ओलं, अंगावरचे फ्रॉक ढगळ व्हायला लागलेले. मग उलट्या, धाप, तोंडाला पिकल्या फळाचा वास. ग्लुकोमीटरवर आकडाच येईना, नुसतं 'हाय', म्हणजे साखर ६०० च्याही वर. आयसीयूबाहेर बसून मी तिने खाल्लेले बिस्किटांचे पुडे आठवत होते. "याचं कारण स्वयंपाकघरात शोधू नका," असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. मी मान डोलावली. आतून ते अजूनही पुरतं पटलेलं नाही, हेही तुम्हाला सांगून टाकते.

मग एवढी चिडते कशाला? मुंजीत झालं त्यामुळे.

वन्संच्या मुलाची मुंज होती. पोरं सकाळपासून कार्यालयाच्या जिन्यावर वरखाली पळत होती. इन्सुलिन घेतलेलं असताना पळापळीने रक्तातली साखर फार उतरू शकते, म्हणून लेकीच्या छोट्या पर्समध्ये ग्लुकोजची पुडी दिलेली. पंगतीच्या आधी बायकांच्या घोळक्यात तिला कोणीतरी जवळ ओढलं. "हीच ना ती? बाळा, साखरेकडे बघायचंसुद्धा नाही हं आता!" दुसरीने तिच्यासमोरचं पेढ्यांचं ताट उचलून पलीकडे नेलं. मी आहेराच्या गर्दीत होते, पण हे मला दिसलं. त्यात काही वावगं आहे असं तेव्हा वाटलं नाही.

थोड्या वेळाने तिच्या आतेबहिणीने मला हाक मारली. लेक खांबाला टेकून बसली होती. कपाळ घामाने भिजलेलं, ओठ पांढरे, बोटं इतकी थरथरत होती की टोचायला धरता येईनात. साखर ५४. ७० च्या खाली गेली की लगेच गोड घ्यायचं, हे तिला पाठ आहे. एरवी पुडी स्वतः फोडते. त्या दिवशी पुडी मुठीत चुरगळलेली होती, फोडलेली नव्हती. तीन चमचे पाण्यात ढवळून पाजलं, १५ मिनिटांनी पुन्हा टोचलं, तेव्हा ८८ आली. मग ती एवढंच म्हणाली, "सगळ्या बघत होत्या."

आणखी उतरली असती तर शुद्ध गेली असती, झटके आले असते.

तुम्ही मायेपोटी विचारता, हे मला कळतं. पण तुमचं बोलणं ती ऐकते. जे औषध म्हणून झटकन तोंडात टाकायचं, तेच तिला चोरून खाल्ल्यासारखं वाटतं. विचारायचंच असेल तर मला बाजूला घेऊन विचारा, कितीही वेळा विचारा.

आणि "इन्सुलिनची सवय लागेल, त्यापेक्षा कारल्याचा रस द्या" हे मात्र मला बाजूला घेऊनही सांगू नका. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून थोडे दिवस जगवत, आणि तरीही ती जात. माझी लेक आज शाळेत जाते ती त्या सुईमुळे.

सासूबाई म्हणतात, "मुलीची जात, चारचौघांत बोलू नका, पुढे लग्न ठरवताना आडवं येईल." आधी मलाही तसंच वाटायचं. शाळेत सांगितलं, कारण बाईंना माहीत नसेल तर वर्गात तिला सांभाळणार कोण? पण मुंजीत सगळ्यांना माहीत होतं म्हणूनच तर ते घडलं, असं सासूबाई म्हणतात आणि मला उत्तर सुचत नाही. पुढच्या महिन्यात घरात लग्न आहे. तिकडच्या मंडळींना आधी सांगायचं की नाही, यावर आमचं अजून एकमत नाही.