मर्फीज: गाडी हॉटेलवर लावा, वाइन पायी चाखा

कॅलिफोर्नियात वाइन म्हटलं की सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या आपल्या मंडळींची गाडी नापाकडे वळते. नापा सुंदरच आहे, पण तिथे एका वायनरीतून दुसरीत जायला गाडी लागते आणि चौघांतल्या एकाला दिवसभर कोरडं राहावं लागतं. आम्ही दोन जोडप्यांनी म्हणून मर्फीज निवडलं. सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी, कॅलव्हेरस काउंटीतलं हे जेमतेम दोनेक हजार वस्तीचं गाव. त्याची मेन स्ट्रीट रमतगमत चाललं तरी पाव तासात संपते आणि तेवढ्या रस्त्यावर, आजूबाजूच्या गल्ल्यांत मिळून वीसहून जास्त टेस्टिंग रूम, म्हणजे वायनरीवाले आपली वाइन चाखायला देतात ती दुकानं, आहेत.

सॅन होजे किंवा फ्रीमाँटहून अडीच-तीन तास धरा. स्टॉकटन नाहीतर मँटेकाच्या बाजूने खोरं ओलांडायचं, कॉपरोपोलिसपाशी हायवे 4 गाठायचा आणि एंजल्स कॅम्प मागे टाकून आठेक मैल वर चढायचं. शुक्रवारी दुपारी उशिरा निघालात तर हायवे 580 च्या गर्दीतच जीव मेटाकुटीला येईल. शनिवारी भल्या पहाटे निघालेलं बरं.

मुक्काम मात्र मेन स्ट्रीटपासून चालत जाता येईल असाच घ्या. दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. लांबचं स्वस्त हॉटेल घेतलं की संध्याकाळी पुन्हा गाडीचा प्रश्न येतो आणि त्या डोंगरात ॲपवरच्या टॅक्सीच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. गाडी लावली, किल्ली खोलीत ठेवली की दिवस तुमचा.

गावाचं नाव जॉन आणि डॅनियल मर्फी या दोन आयरिश भावांवरून पडलं. 1848 साली सोन्याच्या शोधात ते इथे आले. खाणकामापेक्षा खाणकामगारांना माल विकण्यातच त्यांना जास्त पैसा मिळाला आणि पाठोपाठ अख्खं गाव उभं राहिलं. 1859, 1874 आणि 1893 अशा तीन आगींत हे गाव होरपळलं. त्यातून जे टिकलं ते दगडाचं. मेन स्ट्रीटवरून चालताना जुन्या इमारतींच्या दारं-खिडक्यांकडे जरूर पाहा: जाड लोखंडी पत्र्याच्या झडपा, बाहेरून बंद होणाऱ्या, आग आत शिरू नये म्हणून बसवलेल्या. 1856 सालच्या ट्रॅव्हर इमारतीत आता जुन्या काळचं छोटं संग्रहालय आहे. समोरच्या मर्फीज हॉटेलची सुरुवातही 1856 चीच, आणि तिथल्या पाहुण्यांत लेखक मार्क ट्वेन आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांची नावं सांगतात. अशाच जुन्या वास्तूंच्या शेजारी आज वाइनचे गल्ले मांडलेले आहेत. एक टेस्टिंग रूम तर जुन्या पेट्रोल पंपात आहे.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे किती प्यायचं. टेस्टिंगला एका माणसापुढे साधारण पाच वाइन येतात, प्रत्येकी चाळीस-पन्नास मिलिलिटर. दिसायला ते थेंबभरच वाटतं. पण पाच वेळा पंचेचाळीस म्हणजे सव्वादोनशे मिलिलिटर, दीड ग्लास. तीन ठिकाणी गेलात की पावणेसातशे. बाटली असते साडेसातशेची! त्यातून इथल्या झिनफँडेल या लाल वाइनमध्ये पंधरा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं. त्यामुळे दोघांत एकच टेस्टिंग घ्या. बहुतेक ठिकाणी चालतं, आधी विचारायचं एवढंच. आणि गल्ल्यावर जे भांडं ठेवलेलं असतं ते वापरा. उरलेली वाइन त्यात ओतायची असते, तोंडातली थुंकायचीही असते. आपल्याला चारचौघांत थुंकायला संकोच होतो, पण वाइन बनवणारे स्वतः तसंच करतात आणि कुणी वाईट मानत नाही.

दिवसाला तीन टेस्टिंग रूम पुरे. हे मी अगदी आग्रहाने सांगतो. चौथीपर्यंत जीभ टॅनिनने, म्हणजे लाल वाइनमधल्या तुरट घटकाने, खरखरीत झालेली असते आणि सगळ्या लाल वाइन एकसारख्या लागायला लागतात. दोन ठिकाणांच्या मध्ये अर्धा तास नुसतं फिरा, पाणी प्या, पाव-चीज खा. मेन स्ट्रीटच्या मागेच ओढ्याकाठी गावची बाग आहे, सावली भरपूर आहे, पोरं बरोबर असतील तर त्यांनाही तिथे बरं वाटतं.

बहुतेक टेस्टिंग रूम साधारण अकराला उघडतात आणि पाचला आवरतात. आठवड्याच्या मधल्या दिवसांत काही बंद असतात, तेव्हा त्या दिवसांत जाणार असाल तर फोन करून जा. शनिवारी अकरालाच पहिल्या ठिकाणी पोहोचलात तर खरा फायदा होतो. गल्ल्यामागच्या माणसाला तेव्हा बोलायला सवड असते. दुपारी दोननंतर घोळकेच्या घोळके येतात आणि मग वाइन ओतण्यापलीकडे त्यांना काही सुचत नाही. टेस्टिंगची फी असते, पण बाटली घेतली तर ती बऱ्याच ठिकाणी माफ होते. ओळखपत्र सगळ्यांनी जवळ ठेवा. वय 21 पूर्ण हवं, आणि भारतातून आलेल्या आई-बाबांचे केस पिकलेले असले तरी पासपोर्ट असलेला बरा.

काय चाखावं? झिनफँडेल तर आहेच. कॅलिफोर्निया ज्याला आपलं समजते तो हा द्राक्षवाण मूळचा क्रोएशियाचा, हे 2001 साली डीएनए तपासणीतून पक्कं झालं. नाशिकच्या सुलामुळे आपल्याकडेही ते नाव आता ओळखीचं आहे. पण माझं मत विचाराल तर मर्फीजला जाऊन बार्बेरा चाखल्याशिवाय परतू नका. हा मूळचा इटलीच्या पिएमाँट भागातला वाण. त्याला आंबटपणा भरपूर आणि टॅनिन कमी, आणि नेमका तोच आपल्या जेवणाला उपयोगी पडतो. टॅनिन जास्त असलेली वाइन तिखटाबरोबर घेतली की जीभ आणखी पोळते. बार्बेरा तसं करत नाही. आम्ही घेतलेली बाटली संध्याकाळी खोलीवर उघडली आणि घरून नेलेल्या थालीपीठांबरोबर, ठेच्याबरोबर घेतली. पहिल्या घोटाला नुसती आंबट वाटलेली वाइन भाजणीच्या खमंगपणापुढे एकदम गोलाई धरते, पिकलेल्या चेरीसारखी लागते. ठेच्याचा झणका तसाच राहतो, पण पुढच्या घासाला तोंड स्वच्छ झालेलं असतं. लाल वाइनमध्ये टेंप्रानिओ आणि पांढऱ्यात व्हर्देल्होही मागून पाहा. इथले बरेच उत्पादक लहान आहेत, त्यांची वाइन बे एरियातल्या दुकानांत सहसा दिसत नाही. आवडली तर तिथेच घ्या.

गल्ल्यावर प्रश्न विचारायला कचरू नका. द्राक्षं कुठल्या मळ्यातली, किती उंचीवरची, लाकडी पिंपात किती महिने ठेवली, एवढं विचारलं तरी समोरचा खुलतो. आम्हाला एका ठिकाणी असंच बोलता बोलता यादीत नसलेली एक वाइन आतून आणून दिली. आणि अत्तर लावून जाऊ नका. त्यात वाइनचा वास हरवतो, आणि आपल्यापेक्षा शेजारच्याचं नुकसान जास्त होतं.

आणखी दोन-तीन ठिकाणं आहेत, पण ती वाइनच्या आधी करायची. मर्सर कॅव्हर्न्स या चुनखडीच्या गुहा गावाच्या अगदी जवळ आहेत. 1885 साली त्या सापडल्या. आत शेकडो पायऱ्या उतरून तेवढ्याच चढायच्या असतात, गुडघे धडधाकट असतील तरच जा. आयर्नस्टोन ही मोठी वायनरी मैलभर अंतरावर आहे. तिच्या संग्रहालयात 44 पौंड वजनाचा स्फटिकरूप सोन्याचा तुकडा ठेवला आहे. 1992 साली जेम्सटाउनच्या खाणीत तो मिळाला. तेवढ्यासाठी सकाळी चक्कर मारा.

रविवार सकाळ मात्र कॅलव्हेरस बिग ट्रीज पार्कसाठीच राखा. हायवे 4 ने पंधराएक मैल वर. महाकाय सिकोया झाडांतलं एक 1853 साली केवळ प्रदर्शनासाठी पाडलं गेलं आणि त्याच्या बुंध्यावर लोक नाचले. तो बुंधा अजून तिथे आहे. त्यावर उभं राहिलं की पोटात कालवतं.

मौसमाचं म्हणाल तर एप्रिल-मे सगळ्यात सुखाचे. जुलै-ऑगस्टमध्ये पारा पस्तीसच्या वर जातो आणि पायी फिरण्याची मजा जाते. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी द्राक्षं तुडवायची स्पर्धा आणि जत्रा असते. गर्दी आवडत असेल तर जा, पण खोली काही महिने आधी घ्यावी लागेल. बाटल्यांसाठी थर्माकोलची पेटी घरूनच न्या, नाहीतर बिग ट्रीजच्या पार्किंगमध्ये तापलेल्या डिकीत वाइन उकडून निघते. अर्धी प्यायलेली बाटली तर डिकीतच ठेवा. उघडी बाटली गाडीत बसायच्या जागी सापडली तर दंड होतो, मग चालवणारा एक थेंबही प्यायलेला नसो.