ब्रेक ऑइलचा आकडा आणि कोकणातली दमट हवा

गेल्या दसऱ्यानंतर कोल्हापूरहून रत्नागिरीला परत येताना आंबा घाटाच्या उतारावर माझ्या मोटारीचे ब्रेक पेडल एकाएकी मऊ पडले. गाडीत आम्ही चौघे होतो, डिकीत गुळाच्या ढेपा होत्या, आणि दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश उतरण्याऐवजी तिसऱ्यातच राहून मी सारखा ब्रेक दाबत आलो होतो, हा सर्वस्वी माझा दोष. पेडल भराभर तीन-चार वेळा दाबल्यावर थोडा जोर आला, तेव्हा गिअर उतरवून गाडी कशीबशी कडेला घेतली. अर्ध्या तासाने पाहतो तो पेडल पहिल्यासारखे घट्ट!

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये तपासणी झाली. गळती कुठेच नव्हती आणि पॅड निम्म्याहून अधिक शिल्लक होते. “काका, ब्रेक तर चांगले लागतायत,” असे म्हणून मेकॅनिक मोकळा झाला होता, पण घाटातला प्रकार सविस्तर सांगितल्यावर त्याने विचारले, “ऑइल कधी बदललं होतं?” गाडी घेऊन सहा वर्षे झाली होती, आणि ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी खालच्या रेघेच्या वर आहे एवढे पाहून मी दर वेळी समाधान मानत आलो होतो. त्याने पेनासारखे एक यंत्र टाकीत बुडवले आणि त्याचा लाल दिवा लागला, म्हणजे ऑइलात पाणी प्रमाणाबाहेर होते.

आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो, ते मुळात तेल नव्हेच. नेहमीच्या गाड्यांत ते ग्लायकॉल वर्गातल्या रसायनांचे द्रव असते आणि हवेतला ओलावा ओढून घेणे हा त्याचा स्वभाव असतो. आषाढात उघड्या राहिलेल्या मिठाच्या बरणीचे जे होते, तेच रबरी होजमधून आणि टाकीच्या झाकणातून शिरणाऱ्या ओलाव्यामुळे या द्रवाचे हळूहळू होते. पाणी मिसळले की त्याचा उत्कलनबिंदू उतरतो; घाटात तापलेल्या कॅलिपरपाशी, म्हणजे चाकाजवळ पॅड दाबणाऱ्या भागापाशी, ते उकळते, वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जात असल्यामुळे पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतच नाही. थंड झाल्यावर वाफ पुन्हा द्रवात विरते. गॅरेजमध्ये दोष सापडला नाही, तो यामुळेच.

स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर तीन बाटल्या आल्या : डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१. दुकानदाराचा सल्ला सरळ होता, “मोठा नंबर घ्या, भारी असतं.” डॉट हे अमेरिकेच्या वाहतूक खात्याचे आद्याक्षरी नाव असून त्यापुढच्या प्रत्येक आकड्याला किमान उत्कलनबिंदू ठरवून दिलेले आहेत. ताज्या, कोरड्या द्रवासाठी डॉट ३ ला २०५, डॉट ४ ला २३० आणि डॉट ५.१ ला २६० अंश सेल्सिअस, तर ३.७ टक्के पाणी शोषलेल्या द्रवासाठी अनुक्रमे १४०, १५५ आणि १८०. हे आकडे शेजारी शेजारी मांडल्यावर माझा बराचसा गोंधळ मिटला, कारण ओलावलेले डॉट ४ हे ताज्या डॉट ३ च्या तब्बल पन्नास अंश खाली असते. आमच्यासारख्या किनाऱ्यावरच्या माणसाने नंबरापेक्षा द्रवाच्या वयाकडे आधी पाहायला हवे, असे माझे स्पष्ट मत झाले.

तरीही एक नंबर निवडायचा होताच. टाकीच्या झाकणावर डॉट ३ लिहिलेले होते आणि गाडीच्या पुस्तिकेत डॉट ३ किंवा डॉट ४ चालेल असे होते. घाटाचे येणे-जाणे लक्षात घेऊन मी डॉट ४ घेतले. डॉट ५.१ सुद्धा ग्लायकॉल वर्गातलेच असल्याने या दोघांत मिसळते, पण पुस्तिकेत त्याचा उल्लेख नव्हता आणि जास्त पैसे मोजण्याचे कारण मला दिसेना. नुसते डॉट ५ मात्र निराळेच प्रकरण आहे : ते सिलिकॉनचे असते, बाकीच्यांत मिसळत नाही आणि एबीएसच्या, म्हणजे ब्रेक दाबताना चाके अडकू न देणारी यंत्रणा असलेल्या, गाड्यांना योग्य नसते. एका टिंबाने एवढा फरक पडावा, ही नामकरणाची तऱ्हा मला अजूनही पटलेली नाही.

मेकॅनिकच्या फळीवर अर्धी वापरलेली एक बाटली होती; तीच आधी संपवावी, असा त्याचा आग्रह होता. झाकण सैल असलेली ती बाटली किती पावसाळे तिथे उभी होती कोण जाणे! मी नम्रपणे नकार देऊन अर्ध्या लिटरच्या दोन सीलबंद बाटल्या त्याच्या हाती दिल्या. चारही चाकांच्या निपलांमधून जुने, चहाच्या रंगाचे ऑइल निघून स्वच्छ, फिकट द्रव येईपर्यंत त्याने काम केले. मडगार्डवर चार थेंब सांडले, ते ताबडतोब पाण्याने धुतले, कारण हा द्रव रंग खातो. दुसऱ्या बाटलीत थोडे उरले, ते मी घरी आणले नाही. बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटपट्टी लावून तिच्यावर महिना, वर्ष आणि ‘डॉट ४’ असे लिहून ठेवले असून पुढची तारीख दोन वर्षांनंतरची, पावसाळा सुरू होण्याच्या आधीची आहे.