रिचमंडचा बंधारा: ओहोटीला अडवणारी दारं

लंडनला जाणार असाल तर अर्धा दिवस रिचमंडसाठी राखून ठेवा, आणि तिथल्या बाजारात रमण्याआधी नदीवर जा. सेंट मार्गारेट्स स्टेशनवरून थोडं चाललं की थेम्सवरचा पाच कमानींचा लोखंडी पादचारी पूल दिसतो. त्याच्याच पोटात हा बंधारा आहे.

शहराच्या इतक्या आत येऊनही थेम्सला भरती-ओहोटी असते. नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या जुन्या लंडन ब्रिजचे जाडजूड, दाटीवाटीचे खांब पूर्वी पाणी अडवून धरायचे. १८३१-३२ मध्ये तो पाडला आणि ओहोटीचं पाणी भराभर उतरू लागलं. इथून जवळच्या ट्विकनॅमपाशी तर नदीचा चिखल व्हायचा. काठच्या लोकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा कुठे हा बंधारा झाला. १९ मे १८९४ रोजी ड्यूक ऑफ यॉर्क, म्हणजे पुढचे राजे पाचवे जॉर्ज, यांनी त्याचं उद्घाटन केलं. तेव्हा पूल ओलांडायला एक पेनी टोल पडे.

कोकणात खारबंदिस्तीला, म्हणजे खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेल्या बांधाला, उघाडी म्हणजे पाण्याचं दार असते. ती भरतीला बंद होते, ओहोटीला उघडते. इथे नेमकं उलटं! भरतीच्या आधी नि नंतर साधारण दोन-दोन तास दारं वर असतात, होड्या सरळ खालून जातात. एरवी ती खाली. त्यामुळे वरच्या अंगाला टेडिंग्टन गावापर्यंतच्या पात्रात निदान १.७२ मीटर पाणी टिकतं. त्या वेळी होड्यांना कडेच्या लॉकमधून, म्हणजे आतली पाण्याची पातळी वरखाली करता येणाऱ्या दोन दारांच्या कप्प्यातून, जावं लागतं.

मी पुलावर असतानाच दारं उचलायला सुरुवात झाली. अशी तीन दारं आहेत, प्रत्येक सुमारे २० मीटर रुंद आणि ३२ टन वजनाचं. पाणी निथळत दार वर आलं आणि हळूहळू कलून पुलाखाली आडवं झालं. उभंच राहिलं असतं तर नदीचा देखावा झाकला गेला असता. एवढ्या अवजड कामात कुणी नजरेच्या सुखाचाही विचार केला, याचं मला फार कौतुक वाटलं.

जाण्याआधी भरतीची वेळ बघा आणि तिच्या अडीच तास आधी पोचा. पूल रात्री बंद असतो. नोव्हेंबरात देखभालीसाठी काही आठवडे दारं वरच ठेवतात. तेव्हा ओहोटीला गेलात, तर लोकांनी बंधाऱ्यासाठी एवढा आग्रह का धरला ते उघड्या पात्राकडे बघूनच कळेल.