आमची वाटचाल: पत्रा जमला, जाळ उशिरा जमला

आम्ही मुळात फॅब्रिकेशनवाले. दोघे भाऊ, एक वेल्डिंग मशीन आणि जिने-कठड्यांची कामं. एका गिऱ्हाइकाने लाकडावर चालणारा स्मोकर, म्हणजे धुरावर सावकाश मांस शिजवायचं यंत्र, मागितला. आडवी टाकी, एका बाजूला फायरबॉक्स, म्हणजे जाळाची पेटी, दुसऱ्या टोकाला चिमणी. यात अवघड ते काय, म्हणून बनवून दिला. पंधरा दिवसांत गृहस्थ परत आले. मांस कडू लागतंय, जीभ बधिर होतेय. त्यांच्या मते दोष पत्र्यात, आमच्या मते मसाल्यात.

चूक दोघांचीही निघाली. आम्ही चिमणी अरुंद ठेवली होती, त्यामुळे ओढ कमी पडायची. आणि तापमान वाढलं की ते हवा आत घेणारी खालची झडप बंद करायचे. हवा कोंडली की लाकूड जळत नाही, धुमसतं. त्या अर्धवट जळण्याचा दाट पांढरा धूर मांसावर डांबरासारखा बसतो. चिमणी मोठी करून दिली. पैसे मागायला तोंड नव्हतं.

त्यानंतर कित्येक रविवार आम्ही स्मोकरसमोर नुसते बसून काढले. घरचे वैतागले, पण जाळ कळत गेला. आधी निखाऱ्यांचा चांगला थर हवा. मग जाळ लहान, पण जिवंत. तापमान कमी-जास्त करायचं ते लाकडाच्या आकाराने, हवा तोडून नव्हे; चिमणीची झडप तर उघडीच. मनगटाएवढी जाड फाळकी, साधारण अर्ध्या-पाऊण तासाला एक. तापमापकाचा काटा खाली झुकू लागला की लगेच टाकायचं, पार घसरेपर्यंत थांबायचं नाही. पुढचं फाळकं फायरबॉक्सवर ठेवून आधीच तापवलं, तर आत पडताच पेट घेतं. टाकल्यावर बराच वेळ नुसता धूर येत राहिला, तर निखारे कमी पडलेत किंवा लाकूड ओलं आहे. ओलावा १५ ते २० टक्के असलेलं लाकूड बरं. चिमणीतून विरळ, निळसर, जेमतेम दिसणारा धूर निघाला की आम्ही चहा घ्यायला मोकळे.

या बसण्यातूनच आमचा माल बदलला. पहिले स्मोकर पातळ पत्र्याचे होते. प्रत्येक फाळक्यासरशी काटा उड्या मारायचा. आता ६ मिलिमीटरची प्लेट वापरतो. ती तापायला वेळ घेते, पण नंतर ११० ते १३५ अंश सेल्सिअसमध्ये टिकून राहते. तापमापकाचं भोक झाकणाच्या वरच्या भागातून मांस ठेवायच्या जाळीच्या उंचीवर आणलं, कारण वरची हवा आणि मांसाजवळची हवा यांत चांगलाच फरक असतो. स्वस्त पडतं म्हणून मध्ये पुन्हा पातळ पत्र्याची एक ऑर्डर घेतली होती. ती आम्हाला महागात पडली, एवढंच सांगतो.

सगळ्यात जास्त फोन येतात ते एकाच कारणाने. मांसाच्या आतलं तापमान ६५ ते ७५ अंशांच्या आसपास तासन् तास अडून बसतं, आणि माणसं घाबरून लाकडं कोंबतात. अहो, मांसाला घाम येतोय! पृष्ठभागावरचं पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. जाळ तोच ठेवा, पाणी कमी झालं की काटा आपोआप वर सरकतो.

म्हणून आता नियम केलाय: नेण्याआधी गिऱ्हाइकाने एक दिवस आमच्यासमोर जाळ सांभाळायचा. यावरून काही ऑर्डरी गेल्या. बटण दाबून काम हवं असेल त्यांनी गॅसचं यंत्र घ्यावं, आमची हरकत नाही.

पहिलं गिऱ्हाईक अजून येतं. मागे त्यांच्या फायरबॉक्सचा तळ बदलून दिला. राख काढलीच नव्हती, ती ओल धरून बसली आणि पत्रा गंजून गेला. या वेळी पैसे घेतले. राख काढतात आता. पण आमची पाठ वळली की त्यांचा हात अजून खालच्या झडपेकडे जातोच.