लोंब्यांची जुडी

विळ्याहून पहाटे निघालेली आमची दिंडी ताम्हिणी घाटाच्या मध्यावर आली तेव्हा गवळणी संपत आल्या होत्या आणि माझ्या डाव्या टाचेवरचा फोड बुटाच्या आत फुटला होता. मोजा ओला लागला म्हणून ते कळले. मित्र दोन पावले पुढे चालत होता. त्याच्या हातातले टाळ चढावरही लय सोडत नव्हते आणि त्या क्षणी मला सर्वांत जास्त राग त्याचाच आला. हे नवे बूट त्याच्याच आग्रहाने घेतले होते.

आम्ही दोघे माणगाव तालुक्यातल्या एकाच गावचे, शाळेत एकाच बाकावर बसलेले. मी नोकरीसाठी मुंबईला गेलो, तो शेतीवर राहिला. त्याचे वडील कार्तिक वद्य एकादशीला आळंदी चुकवत नसत, आणि ती चुकू नये म्हणून निम्म्या शेतात हळवे भात लावत, म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमारास कापणी उरकून माणूस मोकळा होतो. वडील गेले आणि त्यांचे टाळ याच्याकडे आले. हळवे भात लावण्याची रीतही आली. यंदा त्याने फोनवर इतकेच सांगितले, “दोघं जाऊ. नाही म्हणू नकोस.” मी नाही म्हटले नाही, कारण त्याच्या वडिलांना खांदा द्यायलाही मी वेळेवर पोहोचलो नव्हतो.

पहिल्या दोन दिवसांतले मला फार आठवत नाही. काकड्याच्या वेळची थंडी आठवते, निजामपूरच्या पुढे एका अंगणात मिळालेला गुळाचा चहा आठवतो, आणि आमचे सत्तरी ओलांडलेले विणेकरी बुवा आठवतात. ते अनवाणी चालत आणि पाणी पिताना वीणा दुसऱ्याच्या गळ्यात देत, पण खाली टेकवत नसत. दिंडी लहान होती, साठ-सत्तर माणसांची. पुढे पताका, मग टाळकरी, मधे मृदंग, मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका. आषाढीच्या वारीत पाऊस असतो आणि लाखोंचा रेटा माणसाला पुढे नेतो. कार्तिकात तसे काही नसते. रस्ता कोरडा असतो, कडेचे गवत वाळून पिवळे पडलेले असते आणि आपले पाय आपल्यालाच उचलावे लागतात.

घाट चढून दिंडी पठारावर आली तेव्हा मी बरीच वळणे मागे पडलो होतो. मित्र माझ्यासाठी थांबला आणि मला ते थांबणेही नको होते. “तू जा पुढे,” मी तुटकपणे म्हणालो. तो गेला नाही, आणि बोललाही नाही. दुपारचे ऊन डांबरावरून डोळ्यांत येत होते, दिंडीचा मृदंग दूर दूर जात ऐकू येईनासा झाला होता, आणि नामस्मरण करायचे सोडून मी मनातल्या मनात परतीच्या गाडीचा हिशेब करत होतो.

निवे गावाच्या आसपास रस्त्याला लागूनच एक घर होते. पुढे सारवलेले खळे, एका अंगाला पेंढ्याची अर्धी रचलेली उडवी, आणि खळ्यात आडव्या टाकलेल्या लाकडावर भाताच्या पेंढ्या झोडणारी एक बाई. नऊवारीचा काष्टा, केसांवर भाताचा भुसा, वय पन्नाशीच्या पुढे. तिने आमच्याकडे पाहिले, हातातली पेंढी झोडून पुरी केली, बाजूला टाकली आणि मग म्हणाली, “माउली, त्यो पाय तसा टाकू नका. हितं बसा.”

मी बसलो. नाही म्हणण्याइतकी ताकद नव्हती. तिने घरातून गरम पाण्याचे घमेले आणले, त्यात मूठभर मीठ टाकले आणि माझा पाय स्वतःच्या हाताने त्यात ठेवला. मी ओशाळून पाय मागे ओढला तर तिने घोटा घट्ट धरून ठेवला, जसा मुलाला न्हाऊ घालताना धरतात. फुटलेल्या फोडाला मीठ झोंबले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आले. उजव्या पायावर न फुटलेला एक मोठा फोड होता. तिने सुई चुलीत लाल होईपर्यंत धरली, निवू दिली, तिच्यात पांढरा दोरा ओवला, आणि फोडाच्या एका कडेने आत घालून दुसऱ्या कडेने बाहेर काढली. दोरा तसाच आत ठेवून दोन्ही टोके बोटभर सोडून कापली. त्या दोऱ्यावरून पाणी थेंबाथेंबाने उतरू लागले आणि कातडी न सोलता खाली बसली. मग कोकमतेलाचा पांढरा गोळा तव्यावर पाघळवून तिने दोन्ही टाचांना चोळला. तिची बोटे खरखरीत होती, भाताच्या कुसळांनी जागोजाग चिरलेली. त्या चिरांना तेल लावलेले दिसत नव्हते.

मित्र तोवर खळ्यात उतरून तिच्या जागी पेंढ्या झोडू लागला होता. त्याने विचारले नाही आणि तिने अडवले नाही. शेतकऱ्याला शेतकरी ओळखू येतो, मला तेवढे कधी येणार नाही.

“कुठलं म्हणायचं तुमी?” तिने विचारले. मी माणगावकडचे म्हणून सांगितले. ती हसली. “मंजे आमचं पाणी पिणारं.”

मला चटकन कळले नाही, मित्राला कळले. त्याचा हात वरच थांबला. मुळशीच्या धरणाचे पाणी डोंगराच्या पोटातून खाली भिऱ्याच्या वीजगृहात उतरते, तिथून कुंडलिकेत येते, आणि डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालव्यांनी आमच्या भागातल्या उन्हाळी भाताला मिळते. ते धरण होऊ नये म्हणून १९२१ साली सेनापती बापटांच्या मागे या खोऱ्यातले शेतकरी उभे राहिले होते. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. धरण झाले आणि गावे बुडाली. तिच्या आजेसासऱ्यांचे घर आणि भाताची खाचरे त्या पाण्याखाली आहेत. तिने हे सांगितले ते मळणीच्याच सुरात, तक्रार म्हणून नव्हे, नाते सांगावे तसे. “आटलं की देवळाचं जोतं दिसायचं, सासू सांगत्यात. म्या न्हाई पायलं.”

मी विचारले, “आळंदीला गेलात कधी?”

“कार्तिकीला भात झोडायचं असतं,” ती म्हणाली. खळ्यात पडलेले गरवे भात होते, आंबेमोहोर, हळव्यापेक्षा महिनाभर उशिरा हाती येणारे. डोंगरापलीकडच्या आमच्या खाचरांत हळवे भात लावून मोकळे होता येते, तिच्या दोन खाचरांना आंबेमोहोराचेच दोन पैसे मिळतात. आळंदी तिथून तीन-चार मजलांवर. दरवर्षी तिच्या दारावरून दिंड्या जातात आणि दरवर्षी ती खळ्यात असते.

निघताना मी वाकलो तर ती दोन पावले मागे सरकली. वारकऱ्याने नमस्कार करायचा नसतो असे काहीतरी पुटपुटली, जे खरे नाही, वारीत सगळेच सगळ्यांच्या पाया पडतात. मग न झोडलेल्या एका पेंढीतून तिने निवडून निवडून लोंब्या काढल्या, पेंढ्याच्या काडीने त्यांची जुडी बांधली आणि मित्राच्या हातात दिली, माझ्या नाही. “माउलीच्या पायाशी ठेवा. नवा भात हाय.”

त्या रात्री ताम्हिणीत विंझाईच्या देवळाजवळ मुक्काम होता. हरिपाठाला मी उभा राहू शकलो.

पुढचे दिवस पुन्हा एकमेकांत मिसळले आहेत. मुळशीच्या पाण्याच्या कडेकडेने चालताना मी त्या निळ्या पाण्याकडे जोते दिसते का म्हणून पाहत राहिलो. धरण तुडुंब होते. पौड, पिरंगुट गेले. पिरंगुटला मी मित्रावर ओरडलो, कारण त्याने जुडी पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात खोचली होती आणि प्रत्येक विसाव्याला दाणे गळत होते. निम्म्या लोंब्या रिकाम्या झाल्या होत्या. त्याने काही न बोलता जुडी डोक्यावरच्या पांढऱ्या टोपीत ठेवली आणि तशीच टोपी घातली. चांदणी चौकातल्या गाड्यांच्या गर्दीत टाळांचा आवाज आम्हाला स्वतःलाही ऐकू येत नव्हता, तरी विणेकरी बुवांचे पाऊल तेवढेच पडत होते.

दशमीला इंद्रायणी दिसली. दर्शनबारीत रात्र गेली, समाधीसमोर डोळाभर उभे राहण्याइतका वेळ मिळाला नाही, आणि जुडी आत पोहोचली नाही. बाहेर येऊन मित्राने टोपी काढली आणि ती जुडी महाद्वारातल्या, पालखी सोहळा सुरू करणाऱ्या हैबतबाबांच्या पायरीच्या कडेला ठेवून पायरीवर डोके टेकवले. मी शेजारी बसलो. येणाऱ्याजाणाऱ्यांनी पायरीला हात लावला, कपाळ लावले, आणि कोणाचा तरी पाय लागून उरलेले दाणे दगडावर पसरले. ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली त्या शके १२१८ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीची आठवण दरवर्षी साजरी होते, तशी दोन दिवसांनी झाली. टाळमृदंगाच्या गजरात माध्यान्हीला फुले पडली तेव्हा मित्र हुंदके देऊन रडला. वडील गेल्यापासून मी त्याला रडताना पाहिले नव्हते.

परतताना आम्ही ताम्हिणीमार्गे जाणाऱ्या एस.टी.त बसलो आणि त्या घराशी उतरलो. खळे झाडून स्वच्छ होते, उडवी पुरी रचलेली होती. ती वाल पेरायला रानात गेली होती. ओटीवर तिची सासू उन्हात पाय पसरून बसली होती. मित्राने बुक्क्याची पुडी आणि प्रसाद तिच्या हातात दिला. म्हातारीने थरथरत्या बोटाने बुक्का आधी माझ्या कपाळाला लावला, मग त्याच्या, मग स्वतःच्या, आणि विचारले, “भात पोचला का?”

“पोचला, आजी,” मित्र म्हणाला.

तिने पुडी पुन्हा दुमडली आणि पदराच्या गाठीत बांधली. “सुनंसाठी ऱ्हाऊ द्या यवढा,” ती म्हणाली.