'बरं शे' म्हणणाऱ्या लेकरांसाठी, इंग्लंडहून

जळगाव-धुळ्याहून इंग्लंडला शिकायला आलेली मुलं घरी फोनवर 'बरं शे', म्हणजे बरं आहे, एवढंच सांगतात. आईच्या जिवाला घोर नको म्हणून. पण डिसेंबरात इथे चारला अंधार पडतो, आणि भुसावळच्या उन्हात वाढलेल्या पोराला तो अंधार फार जड जातो. आधी झोप बिघडते, मग सकाळचे तास बुडतात, मग शरमेपोटी शिक्षकांचे मेलही उघडले जात नाहीत. बहुतेकांची घसरण अशीच सुरू होते.

म्हणून 'जेवलास का?' विचारून थांबू नका. 'आज काय बनवलं? कोणाबरोबर जेवलास? रात्री किती वाजता झोपलास?' असं विचारा. नुसत्या 'हो'वर सुटका होत नाही. हिवाळ्यात इथलं घड्याळ साडेपाच तास मागे असतं. जळगावात सकाळी नऊला तो ऑनलाइन दिसला, तर इथे पहाटेचे साडेतीन झालेले असतात. एखाद्या रात्री ठीक, पण दोन आठवडे हेच चाललं असेल तर विषय काढाच.

आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात जीपीकडे, म्हणजे आपल्या भागातल्या डॉक्टरकडे, नाव नोंदवावं. व्हिसासोबत वर्षाला 776 पौंड आरोग्य अधिभार भरलेला असतो, त्यामुळे तपासणीचे पैसे पडत नाहीत. एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, टॉकिंग थेरपीजसाठी (बोलून होणाऱ्या मानसोपचारांसाठी) डॉक्टरांची चिठ्ठीही लागत नाही, स्वतः अर्ज करता येतो. मात्र नंबर लागायला कित्येक आठवडे जाऊ शकतात, तोवर विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे जावं. मन फारच सैरभैर झालं तर रात्री-बेरात्री 111 लावून 2 दाबायचं. जिवावर बेतलं तर 999.

'विद्यापीठाला कळलं तर व्हिसा जाईल' ही भीती मुलांना गप्प बसवते. खरं तर समुपदेशकाशी झालेलं बोलणं गोपनीय राहतं, जिवाला धोका असेल तेवढा अपवाद. व्हिसा अडचणीत येतो तो न कळवता गैरहजर राहिल्याने. असाइनमेंटची मुदतवाढही तारीख उलटण्याआधी मागावी. निकालानंतर कारणं पटवणं फार अवघड जातं.

इथल्या विद्यापीठांत विद्यार्थ्याला पर्सनल ट्यूटर, म्हणजे त्याच्याकडे लक्ष ठेवणारा शिक्षक, नेमून देतात. त्याने उपचार करायचे नसतात; ओळखायचं, विचारायचं आणि योग्य माणसाच्या हाती सोपवायचं. आपल्याकडे मेंटॉर-मेंटी योजना आहेच, पण ती नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, फाइलपुरती उरली तर काय उपयोग? काही ठिकाणी नैराश्य तपासणारी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-9 प्रश्नावली गूगल फॉर्मवर वर्गभर फिरवतात. तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तिथे शून्याखेरीज काहीही आलं, तर एकूण गुण कितीही कमी असोत, त्याच दिवशी त्या मुलाशी बोलावं लागतं. उत्तरं त्याच दिवशी वाचणारं कोणी नसेल तर तो फॉर्म फिरवूच नये.

आपल्याकडच्या एखाद्या विद्यार्थ्याबद्दल शंका आली की त्याला एकांतात बसवून सरळ विचारा, 'जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मोकळं व्हायला वाट मिळते. 'कोणाला सांगणार नाही' असं वचन मात्र देऊ नका. त्याच्या शेजारी बसून 14416 लावा. ही टेलि-मानसची, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची, मोफत सेवा ऑक्टोबर 2022 पासून चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. दुसऱ्या दिवशी स्वतःहून त्याची विचारपूस करा.

हे सगळं ऐकणारा शिक्षकही थकतो, त्यातून तो तासिका तत्त्वावर असेल तर पुढच्या सत्राची शाश्वतीही नसते. इथे बऱ्याच विद्यापीठांत कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशनाची वेगळी सोय असते, कारण आपल्याच विद्यार्थ्यांसोबत रांगेत बसायला कोणता शिक्षक धजावेल? खान्देशातल्या शिक्षकांनो, 14416 तुमच्यासाठीही आहे.