कोयत्यातील बाईचे काम मोजताना

समाजशास्त्रातील पीएच.डी.साठी मी जो आराखडा सादर केला, त्याच्या शीर्षकात बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबांचे हंगामी स्थलांतर आणि ‘स्त्रियांचे काम’ असे शब्द होते, आणि संशोधन सल्लागार समितीच्या पहिल्याच बैठकीत चर्चा अडली ती या शेवटच्या दोन शब्दांवर. एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे असे होते, की ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या कंत्राटदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) जोडीला मिळते, तोडणीचा दर टनावर ठरतो आणि हंगामाअखेरचा हिशेबही कोयत्याचाच होतो. मग त्यातून बाईचे काम वेगळे काढणार कसे, आणि काढले तरी मोजणार कशात? प्रश्न रास्त होता. माझा सगळा प्रबंध म्हणजे त्याला दिलेले लांबलचक उत्तर आहे, असे म्हटले तरी चालेल. स्थलांतर, कुटुंब आणि श्रम यांवर काम करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना उपयोग होईल, म्हणून ते उत्तर कसे जुळत गेले ते येथे मांडते आहे.

उपलब्ध आकडेवारीपासून सुरुवात करावी, असे मार्गदर्शक सरांनी सुचवले. २०११ च्या जनगणनेत देशात ४५ कोटींहून अधिक स्थलांतरित नोंदले गेले आणि त्यांत सुमारे दोन तृतीयांश स्त्रिया होत्या. पण त्या का आल्या याचे उत्तर बहुतांशी ‘लग्न’ या एका रकान्यात संपते. २०२०-२१ च्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणातही स्थलांतरित स्त्रियांपैकी ८६.८ टक्के जणींचे कारण लग्न हेच आहे. कारण एकच नोंदवायचे असल्यामुळे लग्न होऊन आलेली आणि त्यानंतर वर्षानुवर्षे मजुरी करणारी बाई त्या तक्त्यात मजूर म्हणून दिसतच नाही. हंगामी स्थलांतराची गत याहून वाईट आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २००७-०८ मधील ६४ व्या फेरीत रोजगारासाठी एक महिना ते सहा महिन्यांच्या आत बाहेर राहिलेल्यांना अल्पकालीन स्थलांतरित मानले होते. आमच्याकडे दसरा-दिवाळीनंतर निघालेली टोळी गुढीपाडव्याच्या सुमारास परतते, म्हणजे ती या मर्यादेच्या अगदी काठावर असते. त्यातही पाहणी करणारा गावात येतो तेव्हा घराला कुलूप असते. दिल्लीच्या सेंटर फॉर वुमेन्स डेव्हलपमेंट स्टडीजमधील इंद्राणी मझुमदार, नीता एन. आणि इंदू अग्निहोत्री यांनी नेमक्या याच उणिवेवर बोट ठेवून जोडीने होणाऱ्या स्थलांतराची मांडणी केली आहे. ते काम वाचल्यावर आपला प्रश्न अगदीच वेडगळ नाही, एवढा धीर मला आला.

क्षेत्रकार्याची आखणी मी तीन टप्प्यांत केली, आणि आजही या विषयावर कोणी सल्ला विचारला तर पहिली गोष्ट हीच सांगते. थेट कारखान्याच्या तळावर जाऊन भेटलेल्या कुटुंबाला आपण साखर आयुक्तालयाचे आहोत, पत्रकार आहोत की कारखान्याने पाठवलेले आहोत, हे कळत नाही, आणि मुकादम शेजारी उभा असला तर कळून घ्यायची त्यांची इच्छाही नसते. म्हणून पावसाळ्यात, उचलीची बोलणी चालू असताना, धारूर आणि वडवणी तालुक्यांतील गावांत आधी ओळख केली. मग तीच कुटुंबे कोल्हापूर आणि सांगलीकडच्या उसाच्या फडांवर गाठली. आणि हंगाम संपून हिशेब झाल्यावर पुन्हा त्यांच्या घरी गेले. तिसरा टप्पा टाळण्याचा मोह होतो, कारण तोवर हातात भरपूर माहिती आलेली असते. पण उचल फिटली की अंगावर राहिली, हे त्याच वेळी कळते, आणि पुढच्या वर्षी कोण कोणाबरोबर जाणार हेही त्यावरच ठरते.

त्याआधी नैतिकता समितीची परवानगी घ्यावी लागली. समितीच्या नमुन्यात सहभागी व्यक्तीची सही किंवा अंगठा आवश्यक होता. ऊसतोड कुटुंबात कागदावर अंगठा देणे याचा अर्थ मुद्रांक कागदावर उचल घेणे असा होतो, आणि त्या कागदाचे पुढे काय होते याचा अनुभव बहुतेक घरांत असतो. मी दोन पानी टिपण लिहून तोंडी संमती, तीही साक्षीदारासमोर, पुरेशी मानावी अशी विनंती केली, आणि सही घेण्यानेच सहभागी व्यक्तीला धास्ती बसत असेल तर पर्यायी पद्धत का योग्य ठरते, ते उदाहरणांसह मांडले. थोड्या पत्रव्यवहारानंतर ती मान्य झाली. अशी समिती विद्यार्थ्याची अडवणूक करायलाच बसलेली असते, असा एक समज आपल्याकडे आहे. माझ्या अनुभवात कारण नीट लिहून दिले तर समिती ऐकते.

खरा कस लागला तो वेळेच्या नोंदींत. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुष ९७ मिनिटे देतात, असे आढळले होते. त्याच धर्तीवर चोवीस तासांची नोंद घ्यायचे मी ठरवले होते. मात्र फडावरच्या दिवसाला घड्याळ लागू पडत नाही. ‘काल किती वाजता उठलात?’ या प्रश्नाला ‘लवकर’ यापलीकडे उत्तर येईना. मग कारखान्याचा भोंगा, गाडी येण्याची वेळ आणि भाकरी केव्हा थापल्या, या खुणांवरून विचारायला सुरुवात केली, आणि दिवस उलगडू लागला. पहिल्या भोंग्याआधी उठून चूल, भाकरी, पाणी. उजाडायच्या आत फड. पुरुष तोडत पुढे जाणार आणि बाई मागून पाचट काढून मोळ्या बांधणार, मधल्या वेळात तीही कोयता चालवणार. गाडी आली की डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून वर चढायचे. गाडी रात्री दहाला आली तर भरणीही रात्री दहालाच. एका बाईने आदल्या दिवशी ‘काही काम नव्हतं, कोपीवरच (तात्पुरत्या झोपडीवरच) होते’ असे सांगितले, आणि खुणांवरून विचारत गेल्यावर त्याच दिवशी तिने धुणे धुतले होते, सरपण आणले होते, वाढ्यांच्या (उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या) पेंढ्या बांधून गावात विकल्या होत्या आणि संध्याकाळी अर्धी गाडी भरू लागली होती असे निघाले.

वाढ्यांचा उल्लेख मुद्दाम केला. मुकादमाच्या वहीत पुरुषाचे नाव, उचल, वजनाच्या पावत्या, खर्ची (हंगामात खर्चासाठी दिलेले पैसे) आणि खाडे एवढेच असते. बाईच्या नावाचा रकाना नसतो. मी भेटलेल्या अनेक कुटुंबांत वाढे विकून येणारे सुटे पैसे मात्र तिच्या हातात पडत आणि आठवड्याचा बाजार त्यातून होई. टनाच्या दरात बाईचा वाटा रुपयांत किती, हे काढण्याचा प्रयत्न मी पुढे सोडून दिला, कारण तो आकडा कितीही शास्त्रशुद्ध दिसला तरी माझ्याच गृहीतकांतून निघाला असता. त्याऐवजी कोणते काम कोण करते, कोणते काम थांबले तर टन थांबतात आणि कोणता पैसा कोणाच्या हातात जातो, असे तीन तक्ते केले. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली तेव्हा मला पहिली आठवण या तक्त्यांची झाली. दर वाढला, पण वहीतले रकाने होते तेवढेच राहिले.

आरोग्याविषयी सुरुवातीला काहीच विचारायचे नाही, असे मी ठरवले होते. २०१९ मध्ये बीडमधील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या आल्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि त्यानंतर गावागावांत कॅमेरे येऊन गेले. ‘पिशवीचंच इचारायला आलात का, मॅडम?’ असे मला पहिल्याच गावात ऐकवण्यात आले. मी नाही म्हटले आणि ते पाळले. तो विषय पुढे त्यांनीच काढला, तोही खाड्यांची नोंद घेताना: पाळीच्या दिवसांत फडावर आडोसा नाही, पाणी नाही, आणि एक दिवस घरी राहिले तर खाडा जोडीचा धरला जातो. मजुरी, घर आणि शरीर हे तीन वेगळे विभाग करायचे माझ्या आराखड्यात होते. या एका वाक्यापुढे ते टिकले नाहीत, आणि प्रबंधाची प्रकरणे मी कामाच्या क्रमाने लावली.

विद्यापीठाच्या पायऱ्यांविषयी फारसे सांगण्यासारखे नाही: सहामाही अहवाल, साहित्यचौर्याची तपासणी, सारांश, सादरीकरण. पीएच.डी.च्या नियमांत स्त्रियांना दोन वर्षांची वाढीव मुदत आणि २४० दिवसांपर्यंत बाळंतपणाची वा बालसंगोपनाची रजा आहे, हे मात्र विद्यार्थिनींनी माहीत करून घ्यावे, कारण कार्यालयातून ते आपणहून कोणी सांगत नाही. मी ती रजा घेतली. त्यानंतरच्या हंगामात मुलाला सासूबाईंकडे ठेवून फडावर गेले, तेव्हा बायका आधी त्याचीच चौकशी करीत आणि मग माझ्या प्रश्नांकडे वळत. त्यांची मुलेही कोणाची आजीजवळ, कोणाची हंगामी वसतिगृहात, तर कोणाची तिथेच कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळत होती.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारले, की हा अभ्यास श्रमाचा की कुटुंबाचा? मी म्हटले, की मुकादम कुटुंबालाच कामावर ठेवतो, म्हणून दोन्ही वेगळे करता येत नाहीत. पुढे नोकरीच्या मुलाखतींतही हाच प्रश्न ‘तुमचे विशेषीकरण नेमके कोणते?’ या रूपात येत राहिला. सध्या मी तासिका तत्त्वावर शिकवते. तास झाला नाही तर मानधन नाही. खाडा आम्हालाही असतो, फक्त ऊसतोडीतल्यासारखा वर दंड बसत नाही. अडचण अशी, की गळीत हंगाम आणि महाविद्यालयाचे दुसरे सत्र एकाच वेळी चालतात, त्यामुळे फडावर जायचे ते नाताळच्या सुट्टीत किंवा जोडून आलेल्या रविवारी.

आता काम चालू आहे ते एकट्या स्त्रियांवर, म्हणजे विधवा, टाकलेल्या आणि भावाच्या किंवा मुलाच्या जोडीने जाणाऱ्या. मुकादम त्यांना अर्धा कोयता धरतो, उचलही त्याच हिशेबाने देतो, आणि ऊसतोड कामगारांच्या कल्याणकारी महामंडळाच्या नोंदणीत त्यांचे नाव कोणत्या कुटुंबाखाली लिहायचे हे गावोगाव वेगवेगळे ठरते. यंदाच्या पावसाळ्यात उचलीची बोलणी सुरू झाली, की त्या याद्या ग्रामपंचायतीत बसून ताडून पाहायच्या आहेत.